भाड्याच्या घरातलं जुनं किचन: खिळा न मारता काय काय करता येतं

मागच्या अंकात माळ्यावरच्या पसाऱ्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की भाड्याच्या घरातल्या किचनबद्दल काही अडचणी असतील तर कळवा. खूप जणांनी लिहिलं, फोटोसकट. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही, म्हणून चार प्रश्न निवडलेत ज्यांत बाकीच्यांचेही बरेचसे प्रश्न येऊन जातील. मी स्वतः लग्नानंतर नऊ वर्षांत पाच भाड्याची घरं केली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न: ताई, आम्ही डोंबिवलीला भाड्याने राहतो, बिल्डिंग तीसेक वर्षं जुनी आहे. किचनचा ओटा काळ्या कडाप्प्याचा, आता तो काळा नाही तर राखाडी दिसतो, भिंतीला चॉकलेटी टाइल्स, मधेमधे फळांच्या टोपलीचं चित्र. ओट्याखाली नुसत्या कडाप्प्याच्या फळ्या, दारं नाहीत. एकच ट्यूबलाइट आणि एकच प्लग. मालकीणबाई चांगल्या आहेत पण खिळा मारायचा नाही, ड्रिल नाही, रंग नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलंय. करार 11 महिन्यांचा. संध्याकाळी 7 ला ऑफिसहून येते आणि त्या किचनमध्ये शिरायचंच नको वाटतं. 5-6 हजारांत काही होईल का? की 11 महिन्यांसाठी कशाला खर्च करायचा?

उत्तर: आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू. 11 महिन्यांसाठी कशाला, असं म्हणत म्हणत आमची पहिली चार वर्षं गेली, करार रिन्यू होत राहिला आणि मी रोज त्याच अंधारात पोळ्या लाटत राहिले. तुम्ही दिवसाचे दोन-अडीच तास तिथे उभ्या असता, करार कितीचाही असो. तेव्हा खर्च करा, फक्त वस्तू अशा घ्या की पुढच्या घरी बरोबर नेता येतील, आणि कुठलीही गोष्ट लावायच्या आधी ती निघणार कशी हे ठरवून ठेवा. माझा सगळा हिशोब या एकाच प्रश्नावर चालतो.

पहिला रविवार फक्त धुण्यात घालवा, विकत काहीच आणू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ज्या टाइल्स चॉकलेटी दिसतायत त्या मला पूर्ण चॉकलेटी वाटत नाहीयेत, त्यावर वर्षानुवर्षांच्या फोडणीच्या तेलाचा थर आहे. किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो, खायचा नव्हे, धुण्याचा. 1 लिटर कडक गरम पाण्यात 2 मोठे चमचे टाकायचे, हातमोजे घालायचे, कपडा भिजवून टाइल्सवर दहा मिनिटं थापून ठेवायचा आणि मग घासायचं. सोडा तेलाचा साबण करतो त्यामुळे थर अक्षरशः ओघळून येतो. फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आणि चिमणीच्या जाळीला तो लावू नका, काळं पडतं. एकदा साध्या पाण्याने पुसून घेतलं की टाइल्सचा खरा रंग दिसेल आणि कदाचित झाकायची गरजच वाटणार नाही.

आता ओट्याबद्दल, आणि हे जरा नीट वाचा कारण इथे बरेच जण चुकतात. कडाप्पा म्हणजे ग्रॅनाइट नाही. तो चुनखडीचा दगड आहे, आपल्याकडची शहाबादीही त्याच जातीची. लिंबू, व्हिनेगर, बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड यातलं काहीही त्याच्यावर पडलं की तो दगड वरून खाल्ला जातो आणि चमक कायमची जाते, राखाडी पट्टे राहतात. तुमच्या आधीच्या भाडेकरूंनी बहुतेक नळाजवळचे पांढरे डाग काढायला अ‍ॅसिड वापरलं असावं असं फोटोवरून दिसतंय. त्यामुळे ओट्याला फक्त भांड्यांचा साबण आणि मऊ घासणी. स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा झाला की खोबरेल तेलाचा अगदी हलका हात फिरवायचा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने जोर लावून पुसायचं. काळा रंग वर येतो. दोन-तीन आठवड्यांनी परत करावं लागतं, पण त्याने दगडाचं काही बिघडत नाही आणि मालकीणबाईंनाही आवडेल. एक अजून, ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि आपली किचनं तर छोटी, बंद.

यानंतर उजेड. मी तर म्हणेन तुमच्या बजेटमधला पहिला पैसा इथेच घाला. ट्यूब बहुतेक पाठीमागच्या भिंतीवर असते, त्यामुळे ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर पडते. जुन्या चोकवाल्या 40 वॉटच्या ट्यूबच्या जागी 20 वॉटची एलईडी बॅटन बसवायची, जुनी पट्टी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायची, जाताना परत लावून द्यायची. बॅटन घेताना 6500 केल्विनची निळसर पांढरी घेऊ नका, 4000 वाली मागा, त्यात भाजीचा रंग खरा दिसतो आणि डोळ्यांनाही बरं वाटतं. आणि ओट्याच्या वर जी फळी किंवा माळ्याची कड आहे तिच्या खाली चार्जिंगवाली चुंबकाची एलईडी पट्टी. तिची पातळ पत्र्याची पट्टी दुतर्फी टेपने चिकटते, दिवा तिच्यावर लागतो आणि चार्ज करायला काढून घेता येतो. हे दोन केले ना, तर ते किचन दुसरंच वाटायला लागेल, मी हे तीन घरांत करून पाहिलंय.

शेगडीमागच्या भिंतीला मी स्टिकर लावत नाही. त्याऐवजी फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलचा पत्रा कापून आणा, 3 फूट बाय 2 फूट, 304 ग्रेड, साधारण 0.8 मिलिमीटर जाड, आणि चारही कडा दुमडून द्या म्हणून सांगा म्हणजे हात कापत नाही. साडेतीन किलोच्या आसपास वजन भरतं. तो शेगडीच्या मागे भिंतीला टेकवून नुसता उभा करायचा. गोंद नाही, भोक नाही, तेल उडालं की काढून सिंकमध्ये धुवायचा, आणि ती फळांची टोपलीही बरीचशी झाकली जाते. माझा पत्रा आत्ता चौथ्या घरात आहे.

ओट्याखालच्या फळ्यांना ट्रॉली लावता येत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. फळीची खोली आणि दोन फळ्यांमधली उंची टेपने मोजा (अंदाजाने जाऊ नका, मी अंदाजाने आणलेल्या चार बास्केट परत केल्यात) आणि त्या मापाच्या लांबट बास्केट घ्या, ज्या फळीच्या मागच्या टोकापर्यंत जातील. ओढलं की सगळं बाहेर येतं, म्हणजे ट्रॉलीचं काम झालं. समोरून स्प्रिंगचा रॉड दोन भिंतींमध्ये ताणून बसवायचा आणि सुती पडदा सोडायचा, जुन्या सुती साडीचाही छान होतो. पण जिथे सिलेंडर आहे तो खण मोकळाच ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो, तिथे पडदा किंवा पुठ्ठा लावून कोंडून ठेवायचा नाही. तसंच खाली वाकलाच आहात तर गॅसच्या नळीवर छापलेली तारीखही बघून घ्या, सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलायची असते आणि भाड्याच्या घरात ती कोणीच बघत नाही, मालकाला वाटतं भाडेकरू बघेल आणि भाडेकरूला वाटतं मालकाने बघितली असेल.

प्लग एकच आहे म्हणालात. तो छोटा 6 अँपिअरचा असेल तर मिक्सर चालवा, पण इंडक्शन त्यावर एक्सटेन्शन लावून अजिबात नको. 2000 वॉटची इंडक्शन 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या जवळ करंट ओढते, बोर्ड तापतो. मोठा प्लग हवा असेल तर मालकीणबाईंना विचारून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. हे सजावटीचं काम नाही, घराच्या सुरक्षिततेचं आहे, आणि माझ्या अनुभवात अशा गोष्टीला मालक सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रश्न: नमस्कार ताई, पुण्यात कर्वेनगरला तिघं मित्र मिळून राहतो. मे महिन्यात ऑनलाइन मार्बलचे स्टिकर मागवून किचनच्या टाइल्सवर, वरच्या रंगाच्या भिंतीवर आणि कपाटांच्या दारांवर लावले. जुलैत निम्मे सुटले, सिंकच्या बाजूला फुगे आले आणि त्यामागे झुरळं निघाली. आता दोन महिन्यांत घर सोडायचंय. एक कोपरा ओढला तर भिंतीचा रंगच पापुद्र्यासारखा निघून आला. डिपॉझिट जाणार का?

उत्तर: आधी ओढणं थांबवा, बाकीचं नीट निघेल. टाइल्सवरचे आणि कपाटाच्या सनमायकावरचे सोपे आहेत. हेअर ड्रायर कोणाकडून तरी मागून आणा, एकेका जागी अर्धा मिनिट गरम हवा द्या, कोपरा जुन्या प्लास्टिक कार्डाने उचला, सुरी लावू नका, आणि स्टिकर स्वतःकडे ओढायच्या ऐवजी भिंतीला जवळजवळ चिकटूनच मागे दुमडत सावकाश ओढा. घाई केली की वरचा कागद हातात येतो आणि गोंद भिंतीवर राहतो. राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग भांड्यांच्या साबणाने घासा, निघतो.

रंगाच्या भिंतीचं मात्र तसं नाही. ती बहुतेक डिस्टेंपरची आहे. ओलं फडकं फिरवून बघा, फडक्याला रंग लागला तर डिस्टेंपरच. त्यावर चिकटवलेलं काहीही रंग घेऊनच निघतं, आणि तिथे तेल लावायला गेलात तर डाग कायमचा बसेल, म्हणून तेल नकोच. ड्रायरने जितकं निघेल तितकं काढा आणि मालकांना आजच फोटो पाठवून सांगा की काका, या भिंतीचा रंग आमच्याकडून निघालाय, त्याच शेडचा छोटा डबा आणून आम्ही पॅच करून देतो, शेड कुठली आहे ते सांगा. घर सोडायच्या दिवशी कळण्यापेक्षा दोन महिने आधी कळलेलं केव्हाही बरं, आणि तुम्ही स्वतःहून सांगितलंत याने बोलणंच वेगळ्या सुरात होतं. स्टिकर काढलेली भिंत ओली लागली तर लगेच रंग लावू नका, पंखा लावून दोन-चार दिवस वाळू द्या.

का सुटले तेही सांगते म्हणजे पुढच्या घरी तेच होणार नाही. तेलकट टाइलवर गोंद धरत नाही, आणि पावसाळ्यात आपल्या भिंती दमट असतात, आतली ओल स्टिकरमागे कोंडते. पुढच्या वेळी दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत लावा, आधी सोड्याच्या पाण्याने धुऊन, साध्या पाण्याने पुसून, पूर्ण एक दिवस वाळवून. पहिला तुकडा कोपऱ्यात लावून दोन दिवसांनी काढून बघा, काय होतं ते कळेल. आणि मोठी शीट सलग लावण्यापेक्षा टाइलचं माप घेऊन तेवढेच तुकडे लावायचे, मधल्या सिमेंटच्या रेघा उघड्या ठेवायच्या, म्हणजे ओलीला बाहेर पडायला जागा राहते आणि एखादा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. सिंकच्या आसपास, शेगडीमागे आणि ओट्यावर पीव्हीसीचा स्टिकर नकोच. गरम कढई एकदा टेकली की तो वितळून दगडाला बसतो. झुरळांसाठी जेलचे ठिपके ओट्याखाली आणि सिंकच्या पाइपजवळ लावा, आणि जेल लावलंय तिथे वरून स्प्रे मारू नका, नाहीतर झुरळं जेल खायला येतच नाहीत.

प्रश्न: ताई, मागच्या घरमालकांनी आमच्या डिपॉझिटमधून किचनच्या नावाखाली मोठी रक्कम कापली. म्हणे दोन टाइल्स तडकल्या, नळ बदलला, हूक लावले. टाइल्स आम्ही आलो तेव्हाच तडकलेल्या होत्या पण सिद्ध काय करणार. आता नाशिकला नवीन घर घेतलंय, किचनला धूर जायला काहीच नाही आणि नळ इतका आखूड आहे की कुकर सिंकमध्ये धुता येत नाही. पण आता हात लावायचीच भीती वाटते.

उत्तर: तुमच्याबाबतीत झालं ते वाईट झालं, आणि असं झालेली खूप कुटुंबं मला भेटतात. भीती वाटणं साहजिक आहे, पण त्या भीतीपायी दुसरं घरही परक्यासारखं वापरू नका.

किल्ली मिळाली त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, किचनचे फोटो काढा. प्रत्येक तडकलेली टाइल, सिंकखालचा पाइप, कपाटांची आतली बाजू, फुगलेलं प्लाय, सगळं. आणि ते नुसते फोनमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे तारीख आपोआप राहते. करारात दिलेल्या वस्तूंची यादी जोडतात, त्यात ‘किचन सुस्थितीत’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करायच्या आधी तडकलेल्या टाइल्स लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. म्हणून नुसत्या नोटरीवर भागवू या असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

आता नळ. हे वीस मिनिटांचं काम आहे. मालकांना मेसेज करा: ‘किचनचा नळ स्वखर्चाने बदलत आहे, जुना जपून ठेवला आहे, घर सोडताना परत बसवून देईन.’ त्यांचा ‘ओके’ आला की झालं, तो मेसेज डिलीट करू नका. दुकानात जुन्या नळाचा फोटो घेऊन जा, भिंतीतून येतोय की ओट्यातून ते सांगा, आणि लांब फिरत्या मानेचा सिंक कॉक मागा. बहुतेक ठिकाणी आटे अर्ध्या इंचाचे असतात पण खात्री करून घ्या. प्लंबरला टेफ्लॉन टेप नीट गुंडाळायला सांगा आणि जुना नळ त्याच्या हातात देऊ नका, पिशवीत घालून वर ‘किचन, मूळ नळ’ असं लिहून माळ्यावर टाका. मी असा एक खोकाच ठेवते, त्यात त्या घरातलं काढलेलं सगळं, बल्बचा होल्डर, पडद्याचा रॉड, स्क्रूसुद्धा.

धुरासाठी चिमणी नको, तिच्या पाइपला भिंतीत साधारण सहा इंचाचं भोक पाडावं लागतं. तुमच्या खिडकीला सरकत्या किंवा सुट्या काचा असतील तर एक काच अलगद काढून तिच्या जागी त्याच मापाचा प्लाय बसवायचा आणि त्यात नऊ इंची एक्झॉस्ट फॅन. काच गादीखाली सपाट ठेवून द्या. जाताना फॅन काढला, काच घातली, खूण राहत नाही. फॅन चालू असताना किचनचं दार किंवा समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, बाहेरून हवा आत आली नाही तर तो नुसता आवाज करतो, धूर काही जात नाही.

हूक लावायचे झाले तर खिडकीच्या ग्रिलला एस आकाराचे स्टीलचे हूक, तिथे झारे, गाळण्या, किसणी सगळं लटकतं आणि भिंतीला हातही लागत नाही.

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत अपार्टमेंटमध्ये राहतो. काउंटर पांढरा लॅमिनेटचा, त्यावर हळदीचे डाग पडलेत, आणि शेगडीवरचा हूड हवा बाहेर टाकतच नाही, फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो. कोणीतरी सांगितलं अलार्मवर शॉवर कॅप लावा. लीज संपत आलीय, काउंटरचे पैसे घेतील का?

उत्तर: शॉवर कॅप लावू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. रात्री खरंच काही झालं आणि तो अलार्म वाजला नाही तर काय, एवढाच विचार करा. तुमचा हूड जाळीतून हवा ओढून परत खोलीतच सोडणाऱ्या प्रकारचा आहे. त्यात एक धातूची जाळी असते, ती काढून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजवून धुवा, आणि बऱ्याचदा आत कोळशाचा फिल्टर असतो, तो धुता येत नाही, बदलावाच लागतो. मॉडेल नंबर बहुतेक जाळीमागे लिहिलेला सापडेल. फोडणीसाठी छोटी इंडक्शन घेऊन ती खिडकीजवळ ठेवली तर निम्मा त्रास कमी होईल. तिकडच्या साध्या 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या प्लगवर 1800 वॉट म्हणजे काठोकाठ झालं, त्यामुळे त्याच लाइनवर त्या वेळी मायक्रोवेव्ह चालवू नका. खिडकीत बाहेर हवा टाकणारा साधा विंडो फॅन ठेवला तर अजून चांगलं.

हळदीचा पिवळा रंग उजेडाने फिका पडतो, म्हणून तर आपली आई हळदीचे कपडे उन्हात टाकायची. काउंटर काही उन्हात नेता येत नाही, पण खायच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट डागावर लावून अर्धा तास ठेवा, मऊ फडक्याने पुसा, तारेची घासणी नाही, लॅमिनेटवर ओरखडे उठले तर ते मात्र जात नाहीत. तरीही राहिला तर औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कपड्यावर घेऊन डागावर ठेवा, आधी कोपऱ्यात लावून रंग उडत नाही ना ते बघा. दोन-तीनदा करावं लागेल, एका दिवसात जाईलच असं नाही. तोपर्यंत आणि त्यानंतरही, मसाल्याचा डबा आणि हळदीचा चमचा ठेवायला काउंटरवर स्टीलचं एक मोठं ताट कायम राहू द्या, माझी आत्या इथे पांढऱ्या ओट्यावर तेच करते आणि तिच्या ओट्यावर अजून एकही डाग नाही.